बाबांच्या निधनाची पहिली बातमी

एकोणीसशे अडुसष्ट सालच्या मार्च महिन्यात, एका मंगळवारी सकाळी सव्वासातच्या सुमारास, माझे वडील सखाराम मेश्राम यांना बालाघाट येथील राहत्या घरी हृदयविकाराचा झटका आला. ते त्या वेळी अंगणात दात घासत होते. ते पडले नाहीत, खाली बसले. कडुनिंबाची काडी त्यांनी तोंडातून काढून नीट बाजूला ठेवली आणि मग म्हणाले, "मधू, जरा इकडं ये गा." काडी बाजूला ठेवण्याइतका वेळ या आजारात मिळतो, ही माहिती मला तोपर्यंत नव्हती.

(या आजाराची कोणतीच माहिती मला नव्हती. पण त्याआधीची अकरा वर्षे मी त्यावर नियमित लिहीत होतो.)

मी नागपूरच्या एका मराठी दैनिकाचा बालाघाटचा वार्ताहर होतो. राज्यांची फेररचना झाली आणि नागपूर आमच्या राज्यातून गेले. पेपर मात्र येत राहिला. गोंदियाहून नॅरोगेजच्या छोट्या गाडीने तो दुपारी पोचायचा. धानाचे पीक, वाघाने मारलेली गाय, नाल्यात कललेली बस एवढ्या बातम्या सोडल्या तर जिल्ह्यातून पाठवण्यासारखे एकच काही उरत असे, ते म्हणजे निधन. त्यात खंड कधी पडला नाही.

सुरुवात लालबर्ऱ्याच्या एका भातगिरणीच्या मालकापासून झाली. तो क्षयाने गेला. त्याचा मेहुणा बातमी द्यायला माझ्याकडे आला, बसला, पाणी प्यायला आणि म्हणाला, "क्षय नोका लिवू, साहेब. घरात दोन पोरी हायेत. कोन करन मंग?"

"मंग काय लिवू?"

"मोठ्या मानसाले जे होते, ते लिवा."

मोठ्या माणसांना त्या काळी हृदयविकार होत असे. मी "हृदयविकाराच्या झटक्याने" असे लिहिले. दोन्ही मुलींची लग्ने झाली, आणि ही गोष्ट जिल्ह्यात पसरली. बिरशाकडच्या एका जंगल ठेकेदाराला नाग चावला. त्याचा भाऊ म्हणाला, "साप लिवलं तर लोक इचारतीन, पायात चप्पल नोती काय? झटका लिवा." एक जण दारू पिऊन विहिरीत पडला. त्याच्या मुलाचे म्हणणे, "पडाच्या आधीच झटका आला असन. कोन पायलं?" कोणी पाहिले नव्हते, हे खरेच होते. मी लिहिले.

नागपूरच्या छापखान्यालाही ते सोयीचे झाले. "हृदयविकाराच्या झटक्याने निधन झाले. मृत्युसमयी त्यांचे वय अमुक होते. त्यांच्या पश्चात पत्नी, मुलगे व मोठा आप्तपरिवार आहे" हा मजकूर जुळाऱ्यांनी शिशाच्या खिळ्यांत जुळवून, सुतळीने बांधून, कायमचा फळीवर ठेवला होता. माझ्या मजकुरात "हृदयविकार" दिसला की हात फळीकडे जायचा. फक्त नाव, वय आणि मुलांची संख्या बदलायची.

याच काळात माझ्याकडून एक सुधारणाही झाली. एका मृताच्या दोन मुलांचा आपसात अबोला होता. दोघांनी बातमी वेगवेगळी पाठवली, दोन्ही छापल्या गेल्या, आणि एकाच आठवड्यात तो गृहस्थ दोनदा वारला. एकदा थोरल्याला मागे ठेवून, एकदा धाकट्याला. मला फार लागले. छापून आलेल्या निधनांची कार्यालयात एक वही ठेवावी आणि एका माणसाची बातमी दुसऱ्यांदा छापू नये, अशी सूचना मी लेखी केली. ती मान्य झाली. माझ्या नोकरीत मान्य झालेली ती एकमेव सूचना.

मान्यतेचे पत्र मी बाबांना दाखवले. त्यांनी ते आपल्या वहीत चिकटवले.

या दुसऱ्या वहीबद्दल सांगणे भाग आहे. बाबा मँगनीजच्या खाणीत मेट होते. चाळीस माणसांच्या टोळीवर. छप्पन साली ते नागपूरला दीक्षा घेऊन आले आणि त्याच हिवाळ्यात, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, वाचायला शिकले. ज्याने बावन्न वर्षे छापील अक्षर नुसते लांबून पाहिले, तो त्याला हलके मानत नाही. माझी छापून आलेली प्रत्येक ओळ ते कापून एका जाड वहीत खळीने चिकटवत. रोज दुपारी छोट्या गाडीची शिट्टी झाली की ते चष्मा पुसायला घेत. घरात मी बोललो तर ते ऐकून सोडून देत. तेच पेपरात आले तर विश्वास ठेवत.

तर, मंगळवार. डॉक्टर आले. त्यांनी नळी छातीला लावली, सुई टोचली, आणि मला व मायला अंगणात बोलावून हळू आवाजात म्हणाले, "कोरोनरी थ्रॉम्बोसिस है."

मी वहीत लिहून घेतले. (सवय.)

"छह हफ्ते बिस्तर. हाथ नहीं उठाना, करवट भी ख़ुद नहीं लेना, कोई दूसरा दिलाएगा. और सुनिए, मरीज़ के सामने हार्ट अटैक मत बोलना. यही लंबा नाम लेना. घबरा गया तो दूसरा आएगा, और दूसरे के बाद मुझे बुलाने की ज़रूरत नहीं पड़ेगी."

डॉक्टर गेल्यावर मायने विचारले, "काय म्हन्ले ते?"

मी समजावले. हृदयाला रक्त पुरवणारी जी नळी असते, तिच्यात रक्ताची गुठळी अडकते. पुढचा भाग उपाशी राहतो आणि मरतो.

"म्हंजे पाटात माती भरली अन् खालची धानाची बांधी सुकली."

"हौ. तसंच."

"मंग तसं सांगा न. येवढं मोठं नाव कायले?"

मोठ्या नावाचा उपयोग होता, हे पुढच्या चार दिवसांत दिसले. बाबांना ते नाव आवडले. त्यांनी ते मला तीनदा म्हणायला लावून पाठ केले आणि भेटीला येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवले. "मले कोरोनरी झालं," ते पडल्या पडल्या सांगत, आणि समोरच्याला ते कळले नाही की त्यांना बरे वाटे. पेज खात, झोपत, मायवर रागावत. डॉक्टर समाधानी होते.

पाचव्या दिवशी दुपारी बाबांनी मला जवळ बोलावले. "तू तं पेपरवाला हायेस. मराठीत काय म्हनते याले?"

अचूक प्रतिशब्द देणे ही माझ्या धंद्याची शिस्त होती. मी दिला.

बाबा छपराकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "म्हंजे आपल्या पेपरातला? झटका?"

"हौ."

"मधू, माही वही आन."

मी आणली. त्यांनी मला पाने उलटायला लावली आणि झटक्याने गेलेले स्वतः मोजले. मोजायला वेळ लागला. एकसष्ट झाले.

"एकसष्ट लोकं," बाबा म्हणाले. "याच्यातला एक तरी उठून बसला काय रे?"

"बाबा, बरं होनाऱ्याची बातमी नसते."

"काहून?"

मी वही मिटली.

त्या संध्याकाळपासून बाबांनी पेज घेणे बंद केले. दुसऱ्या दिवशी त्यांनी मनाई मोडून स्वतः कूस बदलली आणि भिंतीकडे तोंड केले. भिंतीशीच बोलल्यासारखे ते सूचना देऊ लागले. पांढरे कापड कुठून आणायचे, लालबर्ऱ्याकडच्या गावी थोरल्या भावाला कोणी कळवायचे, वंदना कोणी म्हणायची. "अन् वय बराबर लिव. चौसष्ट. तुमच्याकडं वयाची लई गडबड होते." नाडी बिघडली. डॉक्टरांनी मनगट धरले, घड्याळ पाहिले आणि विचारले, "इसे किसने बताया?"

मायने माझ्याकडे पाहिले.

"डर कम कीजिए," डॉक्टर मला म्हणाले. "मेरी दवा दिल पर चलती है, डर पर नहीं चलती."

मी पहिला उपाय केला तो खरे सांगण्याचा. बाबांच्या उशाशी बसलो, वही उघडली आणि एकेक कात्रण दाखवत कबुली दिली. हा क्षयाचा. हा नागाचा. हा विहिरीतला. हा बैलाने मारला. हे तिघे पटकीचे. एकसष्टांत झटक्याचे खरे असे नऊ-दहाच असतील.

बाबांनी सगळे शांतपणे ऐकले. मग मायला हाक मारली. "पाय वो, पोरगा मले धीर द्याले कसं खोटं बोलून राह्यला. पेपरात खोटं छापते काय कोनी?"

अकरा वर्षांत मी पहिल्यांदा संपूर्ण खरे बोललो होतो. विश्वास माझ्या छापील शब्दांवर ठेवला गेला.

दुसरा उपाय म्हणजे वाचलेला माणूस शोधून आणणे. डॉक्टरांना विचारले. ते म्हणाले, एक बाजारातले कापडवाले सेठ, एक परसवाड्याचे पटले गुरुजी. दोघेही दोन वर्षांपूर्वीचे, दोघेही जिवंत. मी सायकल काढून बाजारात गेलो. सेठ गादीवर बसून लुगडी उलगडत होते. मी हळूच विषय काढला. त्यांच्या हातातले लुगडे थांबले.

"किसने कहा?"

"डॉक्टरसाहेबांनी."

"गैस थी," सेठ म्हणाले. "गैस. समझे? बेटे की सगाई की बात चल रही है, दुकान उसके नाम करनी है, और आप बाज़ार में मुझे हार्ट वाला बना रहे हैं! गैस लिखिए."

"मी काही लिहीत नाहीये, सेठजी. नुसतं घरी येऊन वडिलांना भेटलात तर..."

"आपके घर आऊँ? आप तो पेपर वाले हैं, भैया. आपके यहाँ जिसका नाम आया, वो गया!"

दुकानातल्या दोन्ही गिऱ्हाइकांनी मान डोलावली. परत येताना माझ्या ध्यानात आले की आमच्या जिल्ह्यात जिवंतपणी सगळ्यांना गॅस होतो आणि मेल्यावर हृदयविकार. यातला दुसरा भाग माझ्या हातचा होता.

पटले गुरुजी चांगले निघाले. परसवाड्याला बसने जाऊन मी हकिगत सांगितली, आणि दुसऱ्याच दिवशी ते सकाळच्या बसने आले. बारीक, गोरे, पांढरी टोपी. बाबांच्या खाटेशी स्टूल ओढून बसले आणि म्हणाले, "मेश्रामजी, मलेही हाच झालता. माह्याकडं पाहा."

बाबांनी कूस बदलली. (मी बदलवली.) त्यांच्या डोळ्यांत चार दिवसांनी काही हलले.

"खरंच झटकाच होता? ग्यास नाई?"

"झटका. शाळेत झेंड्याच्या खांबाजवळ पडलो. डाक्टरनं आशा सोडली होती."

"अन् आता कसं वाटते?"

"एकदम चांगलं," गुरुजी म्हणाले. "फक्त मीठ खात नाही. तेल खात नाही. चढ चढत नाही. जड उचलत नाही. कोनाच्या लग्नाले जात नाही, कोनाच्या मातीले जात नाही. रागवायचं नाही आन् जास्त हासायचंही नाही."

बाबांनी थोडा विचार केला. "मंग गुरुजी, तुमी जगून करता काय?"

गुरुजींना हसू आले. त्यांनी ते मध्येच आवरले आणि छातीवर हात ठेवला. मायने धावत जाऊन पाणी आणले.

तरीही त्या भेटीने फरक पडला. त्या दिवशी बाबांनी अर्धी वाटी पेज घेतली. पण संध्याकाळी त्यांचे मन पुन्हा फिरले. "गुरुजी भला मानूस हाय," ते म्हणाले. "पन पेपरात नाई आला. छापून आलं असतं तं गोष्ट येगळी."

"मी छापतो त्यांचं."

"त्याईचं कायले? माहं छाप. सखाराम मेश्रामले झटका आला अन् तो बरा झाला, असं पेपरात येऊ दे. मंग मी मानतो."

बातमी घटनेनंतर लिहितात, आधी नाही, हा नियम मला माहीत होता. बाबा बरे झालेले नव्हते. दुसरा आठवडा चालू होता आणि नाडी अजून चुकत होती. डॉक्टरांना विचारले. ते म्हणाले, "लिख दीजिए. दवा समझकर लिख दीजिए." मी टेबलाशी बसलो आणि दोन वाक्ये लिहिली:

"येथील मँगनीज खाणीतील निवृत्त मेट श्री. सखाराम मेश्राम (वय ६४) यांना नुकताच हृदयविकाराचा झटका आला. योग्य उपचारांमुळे ते त्यातून सुखरूप बचावले असून त्यांची प्रकृती झपाट्याने सुधारत आहे."

दुसऱ्या वाक्यातले काहीही पडताळलेले नव्हते. मजकूर त्याच दिवशी टपालात टाकला. बाबांना वाचून दाखवला होता. ते रोज दुपारी शिट्टीची वाट पाहू लागले. पेज पूर्ण वाटीभर जाऊ लागली.

चौथ्या दिवशी मी पेपर घ्यायला स्टेशनवर गेलो. विक्रेत्याने गठ्ठा सोडलेला होता. त्याने मला पाहिले, टोपी काढली आणि पेपर दोन्ही हातांनी पुढे केला. मला समजले नाही. मग पान तीन उघडले.

श्री. सखाराम मेश्राम यांचे हृदयविकाराच्या झटक्याने निधन झाले होते. मृत्युसमयी त्यांचे वय एकाहत्तर होते. त्यांच्या पश्चात पत्नी, चार मुलगे व मोठा आप्तपरिवार होता.

(कारण नंतर पत्राने कळले. त्या दिवशी जागा कमी पडली म्हणून उपसंपादकाने दुसरे वाक्य कापले. पहिले वाक्य जुळाऱ्याकडे गेले, आणि "हृदयविकार" दिसताच त्याचा हात फळीकडे गेला. घाईत त्याने नाव तेवढे बदलले. वय आणि चार मुलगे आधीच्या माणसाचे राहिले.)

मी पेपर सदऱ्याच्या आत घालून घरी आलो.

"आला काय?" बाबांनी विचारले.

"आज गाडी नाई आली."

"शिट्टी तं वाजली."

"मालगाडी होती."

बाबांनी चष्मा काढून उशाशी ठेवला. मायला मी स्वयंपाकघरात नेऊन पान दाखवले. तिला वाचता येत नव्हते. मी वाचून सांगितले. ती म्हणाली, "तुह्या लिवन्याले आग लागो," आणि फाटकाशी जाऊन उभी राहिली. दिवस मावळेपर्यंत तिने मोहल्ल्यातली बावीस माणसे फाटकातूनच परत पाठवली. कोणी पांढरी फुले आणली होती. ती तिने ठेवून घेतली नाहीत.

लालबर्ऱ्याला पेपर संध्याकाळच्या बसने जातो, हे मात्र आमच्या दोघांच्याही ध्यानात आले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला मी बाबांची दाढी करत होतो. त्यांना हात उचलायची मनाई होती. डावा गाल झाला होता, उजव्यावर साबण होता, वस्तरा माझ्या हातात होता, आणि रस्त्यावरून आवाज आला:

"सख्या रे! माह्या भावा! मले सोडून कसा गेला रे!"

मी वस्तरा बाजूला घेतला. बाबांनी कान दिला.

"कोन मेलं?"

"कोनी नाई, बाबा."

"हा तं आपला दादा हाय. कोनाले रडून राह्यला तो?"

आवाज फाटकात आला. तो एकट्याचा नव्हता. बाबांचे थोरले भाऊ म्हणजे मोठेबाबा, मोठीमाय आणि गावची नऊ-दहा माणसे पहिल्या बसने आली होती. माय त्या वेळी नेमकी चुलीशी होती. मोठीमाय मागच्या दाराने सरळ तिच्याकडे गेली आणि रडत रडत तिचे मनगट धरले. बांगड्या फोडायला. मधल्या भिंतीतून सगळे ऐकू येत होते.

"सोड! सोड म्हन्ते न, बाई!"

"कराच लागते, वो. माह्यावर काय खुशी हाय?"

"अवं, पेज रांधून राह्यली मी त्याईची! मेले नाईत ते!"

"पेपरात आलं न वो!"

मग झटापट, भांडे पडल्याचा आवाज, आणि माय: "हात तं लावून पाय माह्या बांगडीले!"

मी बाबांचे मनगट धरले. नाडी धावत होती, आणि दर पाच-सहा ठोक्यांनंतर एक ठोका गळत होता. डॉक्टरांचे घर चालत दहा मिनिटांवर होते. हात सोडून जावे की धरून बसावे, हे मला ठरवता आले नाही. तेवढ्यात दारात मोठेबाबा उभे राहिले. एका हातात पांढऱ्या कापडाची घडी, दुसऱ्या हातात मेणबत्त्यांचा पुडा. त्यांनी खाटेकडे पाहिले. अर्ध्या तोंडाला साबण लावलेला त्यांचा धाकटा भाऊ त्यांच्याकडे पाहत होता.

मोठेबाबांनी मेणबत्त्यांचा पुडा खाली ठेवला.

"सख्या," मोठेबाबा म्हणाले, "तू तं गेल्ता न बे?"

"कुठी?"

मोठेबाबांनी कोटाच्या खिशातून पेपर काढला. मी पुढे झालो, पण बाबा म्हणाले, "मधू, चष्मा दे." तो आवाज चाळीस माणसांच्या टोळीवरच्या मेटाचा होता. मी चष्मा दिला आणि पेपर त्यांच्यासमोर धरला.

ते हळू वाचत. एकेक अक्षर ओठांनी जुळवत. खोलीत बारा माणसे उभी होती, माय दारात पदराने हात पुसत उभी होती, आणि मी त्यांची नाडी मोजत होतो. एकदा ती इतका वेळ थांबली, की मी मोजणे सोडून त्यांच्या तोंडाकडे पाहिले. ते दुसऱ्या ओळीवर होते. मग ठोका आला.

"वय चुकलं," बाबा म्हणाले. "सांगितल्तं मी तुले. एकाहत्तर लिवलं."

"हौ, बाबा."

"अन् हे चार पोरं कोनाचे?"

"एकाच्यानंच जीव जायाची पाळी आली," माय दारातून म्हणाली, "चार असते तं काय झालं असतं."

बाबांनी बातमी पुन्हा एकदा पहिल्यापासून वाचली. मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. "मधू, तुह्या हापिसात ते वही हाय न? मेलेल्या लोकायची?"

"हाय."

"त्याच्यात माहं नाव चढलं असन?"

"कालच चढलं असेल."

"अन् एकदा चढलं का दुसऱ्यांदा छापत नाईत. तुहाच कायदा हाय."

"हौ."

बाबांनी डोके उशीवर टेकले. "मंग आता मरून काय फायदा?" ते म्हणाले. "फुकट जाईन. दादा, बस. उभा काहून? मधू, दुसरा गाल कर. अन् हे कापून वहीत लाव. बासष्ट झाले."

मी वस्तरा उचलला. त्या गालाला दोन ठिकाणी लागले.

पांढरे कापड परत नेणे मोठेबाबांना बरे वाटेना; ते आमच्या पेटीत ठेवले गेले. मेणबत्त्या आणल्याच होत्या म्हणून लावल्या आणि सगळ्यांनी वंदना म्हटली. बाबांनी पडल्या पडल्या त्यांच्यात आवाज मिसळला. शोकाला आलेल्या मंडळींचा स्वयंपाक मायने केला. मोठीमायला तिने भाजी चिरायला बसवले आणि दिवसभर तिच्याशी एक शब्द बोलली नाही.

डॉक्टर दुपारी आले. नाडी पाहून म्हणाले, "आज बेहतर है. क्या दिया?" मी त्यांना पेपर दाखवला. त्यांनी वाचला, घडी केली आणि परत दिला.

सहा आठवडे पुरे झाले. बाबा उठून बसले, मग चालले, आणि पावसाळ्यात त्यांनी छप्पर स्वतः उभे राहून शाकारून घेतले. मी कार्यालयाला खुलासा पाठवायला बसलो, तेव्हा त्यांनी कागद माझ्या हातातून काढून घेतला. "खुलासा नोको," ते म्हणाले. "वहीतून नाव कटन."

माझे वडील सखाराम मेश्राम एकोणीसशे चौऱ्याहत्तर सालच्या ऑगस्ट महिन्यात, सहा दिवसांच्या आजारानंतर, न्यूमोनियाने वारले. वय सत्तर. पांढरे कापड पेटीतून काढले. मी चार ओळींची बातमी लिहिली. आजाराचे नाव, वय आणि मुलांची संख्या तिन्ही बरोबर होती. बाराव्या दिवसापर्यंत ती छापून आली नाही. तेराव्या दिवशी कार्यालयाचे पोस्टकार्ड आले: "सदर गृहस्थांच्या निधनाची बातमी यापूर्वी प्रसिद्ध झाल्याचे वहीवरून दिसते. आपल्याच सूचनेनुसार पुनरावृत्ती टाळली आहे."

ते पोस्टकार्ड बाबांच्या वहीच्या शेवटच्या पानावर चिकटवलेले आहे.